तीच उशी, सहा वेळा

एक मुलगी मोठ्या पांढऱ्या उशीला टेकून बसली आहे. केस तांबूस, विस्कटलेले, चेहरा एका बाजूने दिसणारा. नजर उजवीकडच्या गडद पडद्यावर. तिच्या शेजारी काळ्या कपड्यांतली एक बाई बसली आहे. तिने मान इतकी खाली घातली आहे की चेहरा दिसतच नाही, फक्त डोकं दिसतं. डावीकडे एक बाटली, उजवीकडे पेला. दोघींनी एकमेकींचा हात धरला असावा, पण जिथे हात हाताला भेटतो तिथे बोटं काढलेलीच नाहीत. रंगाचा एक धूसर डाग आहे, तेवढाच. चित्र थोडा वेळ पाहत राहिलं की लक्षात येतं, खचली आहे ती धडधाकट बाई. मुलगी शांत आहे. आजारी माणूसच शेजारच्याला धीर देतो आहे.

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने १८८५-८६ मध्ये हे चित्र रंगवलं तेव्हा तो विशीच्या सुरुवातीला होता. चित्राचं नाव ‘आजारी मूल’. पुढे १८९६ मध्ये त्याने ते पुन्हा रंगवलं. १९०७ मध्ये दोनदा. १९२५ मध्ये पुन्हा. १९२७ मध्ये आणखी एकदा. चाळीस वर्षांत सहा वेळा तीच मुलगी, तीच उशी, तीच खाली गेलेली मान. मधल्या काळात त्याच विषयाची मुद्राचित्रं, म्हणजे छापून काढलेली चित्रं, केली ती वेगळीच.

मुंक म्हटलं की लोकांना ‘किंकाळी’ (द स्क्रीम) हे त्याचं चित्र आठवतं. मला मात्र त्याच्याविषयी काही समजून घ्यायचं असलं की मी या सहा चित्रांकडे जाते. दुःखातून सावरणं म्हणजे नेमकं काय होतं, याचं मला पटलेलं उत्तर या चित्रांच्या रांगेत आहे, आणि ते आपण एकमेकांना देतो त्या सांत्वनापेक्षा फार वेगळं आहे.

त्या खोलीची हकीकत थोडक्यात अशी. मुंक पाच वर्षांचा असताना, १८६८ मध्ये त्याची आई क्षयाने गेली. आईची बहीण, कारेन मावशी, घर सांभाळायला आली. भावंडांत सोफी सर्वांत मोठी, एडवर्डपेक्षा एका वर्षाने. १८७७ मध्ये, पंधराव्या वर्षी, तीही क्षयानेच गेली. वडील लष्करात डॉक्टर होते आणि कमालीचे धार्मिक. डॉक्टरच्या घरात दोन मृत्यू झाले आणि डॉक्टरला प्रार्थनेपलीकडे काही करता आलं नाही. एडवर्ड स्वतःही लहानपणी छातीच्या दुखण्याने मरणाच्या दारातून परत आलेला होता. तो वाचला, ती वाचली नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये जगापुढे आणला, म्हणजे सोफी गेल्यावर पाच वर्षांनी. त्या जंतूला खरोखर मारणारं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं १९४३ मध्ये. मुंक वारला जानेवारी १९४४ मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन. त्याचं अख्खं आयुष्य त्या औषधाच्या अलीकडे गेलं. चित्रातली ती बाटली पाहताना हे मनात ठेवावं लागतं. तिच्यात जे काही होतं, त्याने कुणी बरं होणार नव्हतं. तरी ती त्याने सहाही चित्रांत काढली.

पहिल्या चित्रासाठी समोर बसलेली मुलगी अर्थातच सोफी नव्हती. वडील एका घरी रुग्ण पाहायला गेले होते, मुंक त्यांच्यासोबत होता. त्या घरात एका लहान मुलाचा पाय मोडला होता आणि त्याची अकरा-बारा वर्षांची बहीण भावाच्या काळजीने रडून डोळे लाल करून बसली होती. मुंकने तिलाच चित्रासाठी बसायला बोलावलं. मला या प्रसंगाचं फार वाटतं. भावासाठी रडणारी एक बहीण त्याने पाहिली आणि तिच्यात त्याला आपली बहीण दिसली. चित्रातल्या मान खाली घातलेल्या बाईसाठी कारेन मावशी बसली. म्हणजे सोफीचं आजारपण जिने खरोखर काढलं होतं, तीच बाई काही वर्षांनी दुसऱ्याच मुलीच्या उशाशी पुन्हा तशीच बसली. त्या बैठकींत त्या घरात काय बोलणं होत असेल? बहुधा काहीच नाही.

हे चित्र त्याने जवळपास वर्षभर रंगवलं. रंगवलं, खरवडून काढलं, पुन्हा रंगवलं, पुन्हा खरवडलं. पृष्ठभागावर ते ओरखडे आजही दिसतात. संगणकाच्या पडद्यावर चित्र मोठं करून पाहिलं तर उशीच्या आसपास, मुलीच्या केसांजवळ, उभे-आडवे चरे दिसतात. काही ठिकाणी रंग ओघळला आहे. पहिल्यांदा पाहिल्यावर मनात जे उमटलं होतं ते त्याला कॅनव्हासवर हवं होतं आणि ते हाताला लागत नव्हतं. पुढे त्याने लिहून ठेवलं की चित्राकडे पाहताना आपल्याच पापण्या मध्ये येतात हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून त्याने त्या पापण्यांच्या सावल्याही चित्रात सुचवल्या.

पापण्यांच्या या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबते. बहिणीच्या मरणाचं चित्र काढताना एखाद्याने फक्त बहीण काढली असती. मुंकने पाहणाऱ्याचे डोळेही काढले. ते दृश्य तसं का दिसतं, तर अर्धवट मिटलेल्या, बहुधा भरून आलेल्या डोळ्यांतून कुणीतरी ते पाहतं आहे म्हणून. आपण समोर जे पाहतो ते काढायचं नाही, पाहिलेलं जे आत उरलं ते काढायचं, असं तो म्हणत असे. आत उरतं त्यात सगळं नसतं. खोलीतला कपाटाचा रंग नसतो, खिडकीला किती गज होते ते नसतं. काही वस्तू तेवढ्या उरतात आणि त्या भलत्याच मोठ्या होऊन बसतात.

माझा मोठा भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. दादाचा चेहरा आता मला आठवावा लागतो, फोटो समोर धरावा लागतो. पण त्याच्या पलंगाशेजारच्या टेबलावर औषधाच्या मापाचं एक छोटं झाकण होतं, तळाशी गुलाबी थेंब सुकून चिकटलेला. ते आठवावं लागत नाही. ते न बोलावता येतं. पहिल्या वर्षात ते आलं की मला तिथून उठून दुसऱ्या खोलीत जावं लागे. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगणार काय? झाकणाचं रडू येतं, असं? मुंकच्या चित्रात बाटली आणि पेला पाहिला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे कुणालातरी माहीत आहे. दुःख इतकं मोठं असतं की ते पूर्ण दिसूच शकत नाही, म्हणून ते एखाद्या वस्तूत जाऊन बसतं. चित्रातली प्रतीकं अशीच येतात, असं मला वाटतं. चित्रकार ती शोधायला जात नाही. ती आधीच त्याच्या मागे लागलेली असतात आणि चित्र काढणं म्हणजे मागे वळून त्यांच्याकडे बघणं.

मुंकच्या बाबतीत अशी एक वस्तू म्हणजे खुर्ची. सोफी ज्या वेताच्या खुर्चीत गेली ती त्याने जन्मभर जपून ठेवली. १८९३ च्या सुमारास त्याने ‘आजाऱ्याच्या खोलीतला मृत्यू’ रंगवलं, त्यात ही खुर्ची आहे, पण आपल्याकडे पाठ करून. मरणारी मुलगी आपल्याला दिसत नाही. दिसतात ते बाकीचे. वडील हात जोडून, मावशी खुर्चीवर हात ठेवून, एक बहीण मांडीवर हात घेऊन बसलेली, एक आपल्याकडे तोंड करून ताठ उभी. कुणी कुणाकडे बघत नाही. आणि या चित्रात एक गोष्ट आहे जी एकदा कळली की विसरता येत नाही. सोफी गेली तेव्हा ही भावंडं लहान होती. चित्रात मात्र ती १८९३ च्या वयाची आहेत, पूर्ण वाढलेली. सोळा वर्षं उलटली, सगळे मोठे झाले, आणि तरी सगळे त्याच खोलीत, त्याच क्षणी उभे आहेत.

शोक झालेल्या कुटुंबाचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही. घरातली माणसं वाढतात, नोकऱ्यांना लागतात, लग्नं करतात, पण कुणी एकाने खोलीचं दार उघडलं की सगळी आहेत त्या वयात आत जाऊन उभी राहतात. आमच्याकडेही हे होतं. आणि आम्हीही तिथे एकमेकांकडे बघत नाही.

मुंकच्या खुणांचा अर्थ लावायला निघालं की एक अडचण येते, आणि ती अडचण मला फार मोलाची वाटते. त्याच्या खुणा एका अर्थाला बांधलेल्या राहत नाहीत. मान खाली घातलेली बाई पाहा. ‘आजारी मूल’मध्ये ती शोकाने मोडलेली आहे. १८९३ च्या सुमारास एका चित्रात ती पुन्हा येते, लाल केस मोकळे सोडून, मांडीत तोंड खुपसलेल्या पुरुषाच्या मानेवर वाकलेली. मुंकने या चित्राला ‘प्रेम आणि वेदना’ असं म्हटलं होतं. त्याच्या एका लेखक मित्राला त्यात रक्त पिणारी बाई दिसली आणि चित्राला ‘व्हॅम्पायर’ हे नाव चिकटलं ते कायमचं. मुंकचं म्हणणं साधं होतं, एक बाई एका पुरुषाच्या मानेचं चुंबन घेते आहे. मला तिथे आजाऱ्याच्या उशाशी बसलेली तीच मावशी दिसते. कुणावर तरी वाकणं म्हणजे त्याला जवळ घेणं असेल, गिळणं असेल, आपणच कोसळणं असेल. ज्या मुलाने पाचव्या वर्षी आई गमावली, त्याच्या मनात या तिन्ही गोष्टी एकाच हालचालीत मिसळून राहिल्या, यात मला काही नवल वाटत नाही.

‘किंकाळी’तली, पुलावर कानांवर हात धरलेली आकृती तर सगळ्या जगाला पाठ आहे. पण त्या चित्रानंतर काही वर्षांनी, १८९० च्या दशकाच्या अखेरीस, मुंकने ‘मृत आई आणि मूल’ रंगवलं. मागे पलंगावर गेलेली आई. पुढे एक लहान मुलगी, आपल्याकडे तोंड करून, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले. तोच हावभाव. पुलावरचा तो अनामिक जीव आणि आईच्या पलंगापाशी उभी असलेली ही पोर, दोघांनाही एकच आवाज ऐकू येतो आहे. आई गेली तेव्हा सोफी सहा वर्षांची होती.

हे चित्र पाहिल्यावर ‘किंकाळी’ला आधुनिक माणसाच्या एकटेपणाचं वगैरे चित्र म्हणणं मला जमत नाही. असेल तेही. पण त्याच्या तळाशी एक मूल आहे, ज्याला घरात चाललेलं ऐकायचं नाही.

‘किंकाळी’च्या १८९३ मधल्या रंगीत प्रतीवर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक वाक्य लिहिलेलं आहे. वेडा माणूसच असं चित्र काढू शकतो, अशा अर्थाचं. कुणा संतापलेल्या प्रेक्षकाने ते लिहिलं असावं असं बरीच वर्षं मानलं जाई. २०२१ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अवरक्त छायाचित्रं घेऊन आणि हस्ताक्षर ताडून जाहीर केलं की ते मुंकच्याच हातचं आहे. लोक आपल्याला जे म्हणतात ते त्याने आपल्याच चित्रावर, आपल्याच अक्षरात नोंदवून ठेवलं. मला वाटतं ते वाक्य लिहिताना त्याला खूप लागलेलं होतं.

१९०८ च्या शरदात मुंक कोसळला. दारू, भास, कुणीतरी पाठलाग करतं आहे ही भीती. कोपनहेगनमध्ये डॉक्टर दानियेल याकोबसन यांच्या रुग्णालयात तो दाखल झाला आणि पुढच्या वसंतापर्यंत तिथे राहिला. विश्रांती, देखभाल, त्या काळात प्रचलित असलेले सौम्य विजेचे उपचार. बाहेर पडल्यावर त्याने पिणं जवळजवळ सोडलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कलेने मन बरं होतं असं म्हणताना आपण पुष्कळदा डॉक्टरला गोष्टीतून काढून टाकतो. मुंक चित्रं काढून सावरला नाही. आधी त्याला झोप मिळाली, अन्न मिळालं, दारू सुटली, कुणीतरी त्याच्याकडे रोज लक्ष दिलं. चित्रं त्या काळातही चालू होती, डॉक्टरांचं मोठं उभं चित्र त्याने तिथेच केलं. पण जो माणूस बुडतो आहे त्याच्या हातात कुंचला देऊन काठावर उभं राहणं हे क्रौर्य आहे.

आजार आणि भीती काढून टाकली तर आपली कलाही जाईल, असं मुंकने आपल्या टिपणांत लिहिलं आहे. त्याच्या या म्हणण्याशी मी सहमत नाही आणि त्याचंच पुढचं आयुष्य माझ्या बाजूने उभं आहे. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर तो पस्तीस वर्षं जगला आणि पस्तीसही वर्षं काम करत राहिला. बर्फातून उधळत येणारा घोडा, कारखान्यातून घरी निघालेले कामगार, शेतं, झाडं. आणि सूर्य.

हा सूर्य ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहात आहे. मुंक क्रागेरो या समुद्रकाठच्या गावी राहायला गेला होता, तिथल्या खडकांवरून उगवणारा सूर्य त्याने घेतला. चित्र साडेचार मीटर उंच आणि जवळपास आठ मीटर रुंद. मधोमध पांढरा प्रखर गोळा आणि त्यातून सगळीकडे सुटलेल्या किरणांच्या रेषा, पिवळ्या, हिरव्या, तांबड्या, निळ्या. माणूस एकही नाही. विद्यापीठाने ही चित्रं घ्यावीत की नाही यावर काही वर्षं वाद झाले आणि शेवटी १९१६ मध्ये सगळी भित्तिचित्रं जागेवर लागली.

मुंकवर लिहिणारे इथे येऊन बहुतेक सुटकेचा श्वास सोडतात. बघा, अंधारातून उजेडाकडे. खोलीतून सूर्याकडे. बरा झाला. ही गोष्ट सांगायला सोपी आहे आणि ऐकायला बरी वाटते. पण ती खरी नाही. सूर्य भिंतीवर लागला १९१६ मध्ये. ‘आजारी मूल’ त्याने पुन्हा रंगवलं १९२५ मध्ये आणि १९२७ मध्ये. सूर्य काढून झाल्यावर साठी ओलांडलेला, जगभर मान मिळालेला माणूस परत त्या खोलीत गेला.

दादाच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतर एक नातेवाईक मला प्रेमानेच म्हणाल्या होत्या, “बाळा, किती दिवस तेच ते उगाळत बसणार? आता पुढे बघ.” त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्यांनीही आपली माणसं गमावली होती आणि पुढे बघूनच त्या जगल्या होत्या. पण पुढे बघणं आणि मागे जाणं यात एकाची निवड करायची असते, ही समजूत मुंकच्या सहा चित्रांपुढे टिकत नाही. तो दोन्ही करत होता. त्याने दोन्हीसाठी वेळ ठेवला.

शिवाय तो नुसतं उगाळत नव्हता. सहा चित्रं शेजारीशेजारी ठेवून पाहा. पहिलं करडं-हिरवट, ओरखड्यांनी भरलेलं, जणू चित्रकार त्या दृश्याला नखांनी धरू पाहतो आहे. १८९६ च्या चित्रात पृष्ठभाग मोकळा झाला आहे, रंग उजळले आहेत. १९०७ च्या चित्रांत कुंचल्याचे जाड, उभे, आत्मविश्वासाने ओढलेले फटकारे आहेत. हिरवा आणि लाल एकमेकांना भिडतात. शेवटच्या दोन्हींत हात आणखी सैल आहे. खोली तीच. आत जाणाऱ्याचा हात बदलला. तिथे जाऊन खरवडण्याची गरज हळूहळू उरली नाही.

मधली मुद्राचित्रंही या रांगेतच धरायला हवीत. १८९४ मध्ये त्याने हेच दृश्य तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलं आणि चित्राच्या खाली, वेगळ्या पट्टीत, एक लहानसा निसर्गदेखावा काढला. झाडं, मोकळी जागा. खोलीत त्याला जागा नाही म्हणून खाली ठेवलेला. १८९६ मध्ये पॅरिसला शिळाछाप केला तेव्हा बाई, बाटली, पेला सगळं गळालं. उरलं फक्त मुलीचं डोकं आणि उशी. तो छाप त्याने निरनिराळ्या रंगांत काढला: लाल, पिवळा, निळा, करडा. तोच चेहरा तांबड्यात तापलेला वाटतो आणि निळ्यात निवलेला. एकच आठवण किती हवामानांत येऊ शकते, ते त्या छापांत दिसतं.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळणं योग्य होणार नाही. मधल्या काही प्रती कुणीतरी मागितल्या म्हणून झाल्या. स्टॉकहोमच्या एका संग्राहकासाठी १९०७ ची एक प्रत केली होती. चित्रकाराला पोट असतं. विकलेलं चित्र नजरेआड होतं आणि आपली चित्रं नजरेआड झालेली मुंकला सोसत नसत. ती त्याला मुलांसारखी होती, विकलं की त्याला तसंच दुसरं जवळ हवं असे. हे सगळं मान्य. पण पैशासाठी पुन्हा रंगवताना माणूस हात सफाईने फिरवतो, जुन्या चित्राची नक्कल करतो. इथे प्रत्येक चित्रात नव्याने काही शोधलं आहे. कुणी मागितलं म्हणून तो त्या खोलीत गेला असेल. आत गेल्यावर मात्र तो गिऱ्हाइकासाठी राहिला नाही.

१९०७ च्या दुसऱ्या प्रतीचं नशीब तर विलक्षण आहे. ती १९२८ मध्ये ड्रेस्डेनच्या संग्रहालयात गेली. पुढे नाझींनी तिला ‘भ्रष्ट कला’ ठरवून बाहेर काढलं आणि विकून टाकलं. एका नॉर्वेजियन जहाजमालकाने ती घेतली आणि १९३९ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाला देऊन टाकली. मरणाऱ्या मुलीच्या शेजारी मान खाली घालून बसलेली बाई एखाद्या राजवटीला धोकादायक का वाटावी? दुबळेपणा दिसता कामा नये असं ज्यांना वाटतं, त्यांना शोकाचीही भीती वाटते. घरातही हेच असतं, लहान प्रमाणात.

१९३० मध्ये मुंकच्या उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला. नजरेपुढे काळे डाग आले, वर्तुळं आली, चोचीच्या पक्ष्यासारखा एक आकार तरंगू लागला. चित्रकाराला याहून मोठी धास्ती कोणती असेल? त्याने काय केलं, तर कागद घेतला आणि ते डाग काढायला बसला. कडी, रंगांची वलयं, पक्षी. किती दिवसांनी किती ओसरलं हे त्या कागदांवरून समजतं. चाळीसेक वर्षांपूर्वी बहिणीकडे पाहताना मध्ये आलेल्या पापण्या ज्याने चित्रात घेतल्या, त्याने म्हातारपणी आपला बिघडलेला डोळाही चित्रात घेतला. जे पाहण्याच्या आड येतं तेही पाहायचं, हा त्याचा नेम मोडला नाही.

१९१६ पासून तो ऑस्लोबाहेर एकेली या आपल्या घरी एकटा राहत होता. मेल्यावर घरात जे सापडलं ते त्याने शहराच्या नावे केलं होतं: हजारावर चित्रं, हजारोंनी छाप आणि रेखाटनं. ‘आजारी मूल’च्या पहिल्या चार चित्रांपैकी एक ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, बाकीची योटेबोर्ग, स्टॉकहोम आणि लंडनला. १९२५ आणि १९२७ ची शेवटची दोन त्याने स्वतःजवळ ठेवली होती. ती आता शहराच्या मुंक संग्रहालयात आहेत.